सिरसाळ्याची 'पिशवी' आणि इस्ट्रोजेनची शंभर वर्षे

१/ दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. परळी तालुक्यातील सिरसाळा आणि त्यासारख्या कितीतरी गावांच्या परिसरातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल पुढील पाच-सहा महिन्यांत अंगमेहनतीने फेडायची. या स्थलांतराविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. आजचा धागा मात्र तेथील बोलीतल्या एका शब्दाविषयी आहे. तो शब्द म्हणजे 'पिशवी'.

२/ 'तिची पिशवी काढली' हे वाक्य या भागात दात काढल्यासारख्या सहजतेने उच्चारले जाते. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः तेथे तयार होते. पिशवी काढताना अंडाशयेही काढली की ठेवली, हे त्या शब्दातून कळत नाही. बाईच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा पुढील हिशेब मात्र बराचसा याच प्रश्नावर अवलंबून आहे. हे कसे उमगत गेले, त्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. तो पाहू आणि मग सिरसाळ्याला परत येऊ.

३/ सुरुवात १९२३ साली, अमेरिकेतील सेंट लुईस येथे होते. एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी हे दोन तरुण संशोधक डुकरिणीच्या अंडाशयातील पुटिकांमधला द्रव काढून तो अंडाशये काढलेल्या उंदरांना टोचत होते. ज्या माद्यांचे ऋतुचक्र थांबले होते, त्यांच्यात माजाची लक्षणे पुन्हा दिसू लागली. अंडाशय रक्तात काहीतरी सोडते आणि ते 'काहीतरी' द्रवातून वेगळे काढता येते, हे यातून सिद्ध झाले.

४/ १९२९ मध्ये डॉइझींनी अमेरिकेत आणि ॲडॉल्फ बुटेनान्ट यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे इस्ट्रोन हे संप्रेरक स्फटिकरूपात मिळवले. कच्चा माल होता गर्भवती स्त्रियांचे मूत्र. पुढे १९३०च्या दशकाच्या मध्यास डॉइझींच्या चमूने डुकरिणींची सुमारे चार टन अंडाशये वापरून एस्ट्राडायॉल हे सर्वांत प्रभावी इस्ट्रोजेन वेगळे केले. हाती आले अवघे काही मिलिग्रॅम. बुटेनान्ट यांना १९३९चे नोबेल जाहीर झाले, पण नाझी राजवटीने ते स्वीकारू दिले नाही. पदक त्यांच्या हाती पडले ते १९४९ मध्ये.

५/ चार टनांतून काही मिलिग्रॅम! या विषम प्रमाणाचे कारण शरीरातच आहे. तरुण स्त्रीच्या एका मिलिलिटर रक्तात एस्ट्राडायॉल असते ते काही दशक ते काही शतक पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हा आकडा मनात ठेवा. धाग्याच्या उत्तरार्धात याच आकड्यावर एक मोठा युक्तिवाद अडखळणार आहे.

६/ दुर्मीळ वस्तूला बाजार शोधतोच. १९४२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने 'प्रेमारिन' या गोळीला मान्यता दिली. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनांचे ते मिश्रण होते आणि तिच्या नावातच 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या इंग्रजी शब्दांची अक्षरे दडलेली आहेत. रजोनिवृत्तीच्या काळात अंगाची आग होणे, रात्री घाम फुटणे यांवर ती गुणकारी होती. हृदयाचा उल्लेख अजून कोणी करत नव्हते.

७/ हृदयाची गोष्ट दुसऱ्या वाटेने चालत येत होती. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचलेले दाखवले. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात हजारो रहिवाशांच्या हृदयाची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा अभ्यास सुरू झाला. त्यातून आणि रुग्णालयांच्या अनुभवातून एक गोष्ट ठळक झाली. हृदयविकाराचा झटका पुरुषांना आधी गाठतो, स्त्रियांना उशिरा. पुढे २००४ मध्ये ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात हा फरक साधारण नऊ वर्षांचा निघाला.

८/ स्त्रियांना ही नऊ वर्षांची सवलत कोण देते? १९५२ मध्ये शिकागोतील रूथ पिक, जेरेमाया स्टॅम्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल चारलेल्या कोंबड्याच्या पिलांना इस्ट्रोजेन दिले. हृदयाच्या धमन्यांतील थर रोखले गेले. विशेष म्हणजे महाधमनीत तसा फरक पडला नाही. म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल तेच असताना हृदयाच्या धमनीची भिंत वेगळी वागत होती. इस्ट्रोजेनचा संबंध केवळ रक्तातील मेदाशी नसून भिंतीशीही असावा, असा हा पहिला इशारा होता.

९/ पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, वुएस्ट, ड्राय आणि एडवर्ड्स यांनी मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनांवरून एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांची दोन्ही अंडाशये आयुष्यात आधीच काढून टाकली होती, त्यांच्या हृदयाच्या धमन्या इतर स्त्रियांच्या तुलनेत अधिक रोगग्रस्त आढळल्या. सिरसाळ्याच्या दृष्टीने आपल्या कथेतील हा सर्वांत महत्त्वाचा जुना कागद आहे. अंडाशय गेले तर धमनीला किंमत मोजावी लागते, ही शंका सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी छापून आली होती.

१०/ मग औषध म्हणून इस्ट्रोजेन सर्वांनाच का देऊ नये? अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या प्रयोगात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना प्रेमारिनच्या गोळ्या देण्यात आल्या. झटके आणि गुठळ्या वाढल्या. मोठी मात्रा १९७० मध्ये आणि लहान मात्रा १९७३ मध्ये बंद करावी लागली. संप्रेरक शरीरातून येणे आणि बाटलीतून येणे यांत अंतर आहे, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पण तो 'पुरुषांचा' म्हणून बाजूला ठेवला गेला.

११/ कारण स्त्रियांसाठी वेगळीच हवा तयार झाली होती. १९६६ मध्ये ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक आले. रजोनिवृत्ती हा आजार आहे आणि इस्ट्रोजेन हा त्यावरचा उतारा, असा त्याचा सूर. पुस्तक प्रचंड खपले. विल्सन यांच्या कार्याला औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते, ही बाब नंतर उघड झाली. १९७५ मध्ये आणखी एक धक्का बसला. केवळ इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे दोन अभ्यासांनी दाखवले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टिन देण्याची पद्धत पडली.

१२/ आता प्रयोगशाळेत शिरू, कारण या काळात तेथे एक विलक्षण शोध चालू होता. प्रश्न असा होता की कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएल हा कण धमनीच्या भिंतीत साचतो कसा? मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात पेशींवरील एलडीएलचे ग्राही शोधले आणि १९८५चे नोबेल मिळवले. पण त्यांच्या शोधातूनच एक कोडे निर्माण झाले. पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ती हे दार बंद करते. मग धमनीतील भक्षक पेशी मेदाने फुगून फेसाळ कशा होतात?

१३/ उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. करडईचे तेल उघडे राहिले की काही दिवसांत खवट होते. हवेतील ऑक्सिजन तेलातील असंतृप्त मेदाम्लांवर चढतो आणि साखळी सुरू होते. एक रेणू बिघडला की तो शेजाऱ्याला बिघडवतो. एलडीएलमध्येही तशीच मेदाम्ले असतात आणि तोही तसाच 'खवट' होतो. रसायनशास्त्रात याला ऑक्सिडीकरण म्हणतात. खवट एलडीएल भक्षक पेशींना कचरा वाटतो. त्या दुसऱ्याच दाराने तो अधाशासारखा गिळतात, आणि हे दार कधी बंद होत नाही.

१४/ १९८४ मध्ये डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने दाखवले की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशीच एलडीएलला खवट करू शकतात. या गटात मूळचे भारतीय असलेले संपत पार्थसारथी हेही होते. १९८९ मध्ये त्यांनी सर्व पुरावे एकत्र मांडले. कोलेस्टेरॉल किती आहे एवढेच न पाहता ते किती बिघडले आहे हेही पाहावे, असा विचार मूळ धरू लागला. आणि मग साहजिक प्रश्न आला की हे बिघडणे थांबवणारे, म्हणजे प्रतिऑक्सिडक, शरीरात कोणते?

१५/ येथे इस्ट्रोजेनची रचना पाहण्यासारखी आहे. एस्ट्राडायॉलच्या रेणूत चार कडी जोडलेली असतात आणि त्यांतील पहिले कडे फेनॉलचे असते. फेनॉल आपला एक हायड्रोजन सहज देऊन टाकतो. खवटपणाची साखळी पुढे नेणारा उपद्रवी रेणू, ज्याला मुक्त मूलक म्हणतात, तो हायड्रोजन मिळताच शांत होतो. 'ई' जीवनसत्त्वाचा गुण याच रचनेत आहे. पुरुष संप्रेरक टेस्टोस्टेरॉनची कडी बरीचशी सारखी असली, तरी त्यात फेनॉल नाही. स्त्रियांच्या त्या नऊ वर्षांचे रहस्य एका कड्यात सापडले की काय, असे वाटावे इतके हे सुबक होते.

१६/ १९९४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांचा अभ्यास आला. रजोनिवृत्त स्त्रियांना एस्ट्राडायॉल दिल्यावर त्यांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण सुरू व्हायला अधिक वेळ लागत होता. म्हणजे तेल उशिरा खवटत होते. १९९५च्या 'पेपी' चाचणीत ८७५ स्त्रियांवर तीन वर्षे पाहणी झाली आणि इस्ट्रोजेनने एलडीएल घटते, एचडीएल वाढते हेही दिसले. कोलेस्टेरॉल कमी, आणि जे आहे ते कमी खवट. दुहेरी लाभ!

१७/ तिसरा लाभ रक्तवाहिनीच्या अस्तराचा. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की हे अस्तर शाबूत असेल तरच धमनी सैल होते. ते अस्तर जो संदेश सोडते तो नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला. या शोधाला १९९८चे नोबेल मिळाले. अस्तराच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही असतात. संप्रेरक तेथे बसले की काही मिनिटांत नायट्रिक ऑक्साइड वाढतो आणि धमनी प्रसरण पावते. हाच वायू उपद्रवी ऑक्सिजन-मूलकांच्या तावडीत सापडला तर वाया जातो, आणि त्या मूलकांना आवरणारी विकरे वाढवण्यासही इस्ट्रोजेन हातभार लावते, असे पेशींवरील प्रयोगांत आढळले.

१८/ निरीक्षणेही जुळत होती. १९७६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात १,२१,७०० स्त्रिया सहभागी होत्या. १९९१च्या अहवालानुसार संप्रेरक घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार जवळजवळ निम्मा होता. रसायन, पेशी, प्राणी आणि लोकसंख्या, चारही साक्षी एका सुरात बोलत होत्या. १९९०च्या दशकात प्रेमारिन हे अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक बनले. आता ते केवळ घाम आणि आग यांसाठी नव्हते. ते हृदयाचे कवच म्हणून दिले जात होते.

१९/ आणि मग कसोटी झाली. १९९८ची 'हर्स' चाचणी: हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रिया, सरासरी ४.१ वर्षे. एकूण लाभ शून्य, आणि पहिल्या वर्षी झटके उलट अधिक. २००२च्या जुलैमध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची १६,६०८ स्त्रियांवरील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी वेळेआधी थांबवण्यात आली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ अधिक घटना घडत होत्या. एका माणसासाठी हा धोका लहान आहे. पण निरोगी बाईला 'कवच' म्हणून दिलेल्या गोळीसाठी तो मोठाच म्हटला पाहिजे.

२०/ त्याच उपक्रमाचा दुसरा भाग आपल्याला जवळचा आहे. त्यातील १०,७३९ स्त्रियांची पिशवी काढलेली होती, म्हणून त्यांना प्रोजेस्टिनविना केवळ इस्ट्रोजेन देण्यात आले. २००४ मध्ये तोही भाग थांबला. हृदयविकार वाढला नाही, पण घटलाही नाही. पक्षाघात मात्र वाढला. चार साक्षीदारांची साक्ष एका रीतसर चाचणीने फिरवली.

२१/ चुकले कोठे? एक, जो आकडा मनात ठेवायला सांगितला होता तो आठवा. परीक्षानळीत एलडीएल वाचवण्यासाठी अनेक प्रयोगांत एस्ट्राडायॉल रक्तातील प्रमाणाच्या शेकडो-हजारो पट वापरले गेले होते. पिकोग्रॅमभर रेणू रक्तातील सगळ्या एलडीएलला हायड्रोजन वाटत फिरतील, हे अवघड. दोन, २००० साली 'होप' चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांना 'ई' जीवनसत्त्व देऊनही हृदयाला लाभ झाला नाही. खवटपणा खरा आहे, पण बाहेरून प्रतिऑक्सिडक ओतून तो थांबत नाही. तीन, संप्रेरक घेणाऱ्या परिचारिका मुळातच अधिक निरोगी, सुस्थितीतील आणि डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या होत्या. चार, गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणारे घटक वाढवते.

२२/ पाचवे कारण सर्वांत बोलके आहे: वेळ. थॉमस क्लार्कसन यांनी अंडाशये काढलेल्या माकडिणींवर प्रयोग केले होते. इस्ट्रोजेन लगेच सुरू केले तर धमन्या चांगल्या राहत. माणसाच्या हिशेबाने सुमारे सहा वर्षे उशीर केला, तर काहीच लाभ होत नसे. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. २०१६ मध्ये 'एलिट' चाचणीने ६४३ स्त्रियांत हेच तपासले. रजोनिवृत्तीला सहा वर्षे होण्याच्या आत सुरुवात केलेल्यांत मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनंतर सुरुवात केलेल्यांत नाही. इस्ट्रोजेन निरोगी भिंत राखण्यास मदत करते. बिघडलेली भिंत ते दुरुस्त करत नाही.

२३/ एवढ्या प्रवासातून एक गोष्ट मात्र अबाधित राहिली. गोळीचा दावा कोसळला, अंडाशयाचा नाही. १९८७ मध्ये त्याच परिचारिका-अभ्यासातून कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की ज्यांची दोन्ही अंडाशये काढली आणि ज्यांनी नंतर संप्रेरक घेतले नाही, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका दुपटीहून अधिक होता. नैसर्गिक रजोनिवृत्तीत वय आणि धूम्रपान यांचा हिशेब केल्यावर अशी ठळक वाढ दिसली नाही. १९५३ची शवविच्छेदने जे सुचवत होती, तेच येथे पुन्हा आले. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, हे विसरू नये. पण नंतरचे अभ्यासही, विशेषतः ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशये गेलेल्या स्त्रियांबाबत, त्याच दिशेने बोट दाखवतात.

२४/ कारण समजण्यासारखे आहे. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षे घेऊन येते. भारतीय स्त्रियांत ती साधारण ४६-४७व्या वर्षी येते आणि त्यानंतरही अंडाशये काही काळ इतर संप्रेरके बनवत राहतात. शस्त्रक्रियेत हा झरा काही दिवसांत आटतो. नायट्रिक ऑक्साइडचा आधार कमी होतो, एलडीएल चढते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. अंडाशये ठेवून केवळ पिशवी काढली, तरी त्यांचे काम काही वर्षे लवकर थांबण्याची शक्यता वाढते, असे अभ्यास सांगतात.

२५/ आता सिरसाळ्याला परत येऊ. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे विणले गेले. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून तोडीला जाणाऱ्यांचे लोंढे वाढले. फडात शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, मासिक पाळीत विसावा नाही. एक दिवस काम बुडले तर खाड्याचा दंड. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे, अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे. अशा वेळी कोणी डॉक्टर 'पुढे कॅन्सर होईल' म्हणाला, तर पिशवी काढून टाकणे हाच एकदाचा सुटकेचा मार्ग वाटतो. जिचे अंग हीच जिची मजुरी, ती बाई दुरुस्तीसाठी वारंवार थांबू शकत नाही.

२६/ २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी हा विषय देशापुढे आणला. त्याच वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशभरातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हेच प्रमाण ३.२ टक्के होते.

२७/ काही पावले पडली. जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अशाच प्रकारांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल आला आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश राज्यांना मिळाले. सेंट लुईसच्या त्या उंदरांना त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली.

२८/ पण आकडा मोजतो ती पिशवी. अंडाशय मोजले जात नाही, तोवर १३,८६१ या संख्येचा अर्थ अर्धाच आहे. ज्या बाईची अंडाशये चाळिशीच्या आत गेली, तिला एरवी वैद्यकशास्त्र काय सांगते? स्तनाचा कर्करोग किंवा तशी अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हाडे तपासत राहावे. २००२च्या चाचणीतील धोका सरासरी ६३ वर्षांच्या बाईचा होता. तो तिशीतल्या बाईला जसाच्या तसा लागू होत नाही. मात्र हा सल्ला मिळण्यासाठी आधी तिला हे माहीत हवे की तिचे नेमके काय काढले गेले.

२९/ येथे एक खुलासा आवश्यक आहे. काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखर जीव वाचवते. कर्करोग, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी ही खरी कारणे आहेत. हा धागा वाचून कोणी औषध सुरू करू नये वा बंद करू नये. इतिहासाचा उपयोग योग्य प्रश्न विचारण्यासाठी आहे. प्रश्न असे: दुसरा उपाय होता का? अंडाशये ठेवली का? नसतील तर पुढे काय?

३०/ या शंभर वर्षांकडे मागे वळून पाहिले तर एक विसंगती जाणवते. श्रीमंत देशात ज्या बाईला इस्ट्रोजेनची गरज नव्हती, तिला ते 'चिरतारुण्य' म्हणून विकले गेले. येथे ज्या बाईचा झराच आटवला गेला, तिला त्या झऱ्याचे नावही कोणी सांगितले नाही. दोन्हीकडे बाईला न विचारता तिच्या अंडाशयाचा हिशेब मांडला गेला. एकीकडे हिशेब गोळीच्या बाजारात झाला, दुसरीकडे उसाच्या फडात.

३१/ वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणाची तरी 'पिशवी काढलेली' असेल. घरी कपाटात शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद असेल, तर तो काढून वाचा. अंडाशये एका बाजूची की दोन्ही, काढली की ठेवली, हे त्यात लिहिलेले असायला हवे. शस्त्रक्रियेच्या वेळचे वय लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. आपल्या घरातला हा कागद म्हणजे इतिहासाचे साधनच आहे. शिलालेखांइतकाच तो वाचण्याजोगा आहे, आणि त्याच्यावर ज्यांचे नाव आहे त्या अजून आपल्यात आहेत.